तीन औषधांचा दलाल

परवा सूनबाईंनी माझ्यापुढे दोन पुड्या आणि एक बाटली आणून ठेवली आणि विचारलं, "मामंजी, यातलं आधी काय घ्यायचं?" मी म्हटलं, ते मला ठाऊक असतं तर मी वैद्य झालो नसतो का, मास्तर कशाला होतो? ती हसून आत गेली. मी मात्र त्या पुड्यांकडे बघत राहिलो. औषधांमध्ये 'आधी काय आणि मग काय' असा प्रश्न निघाला की माझ्या डोळ्यांपुढे अमरावतीचे उकंडराव दलाल उभे राहतात. उभेच राहतात. हा माणूस धड बसलेला मला आठवतच नाही.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता, आणि आमच्या वऱ्हाडाला एकाएकी सगळं जग विचारू लागलं होतं, त्या वर्षांमधली ही गोष्ट. अमरावतीच्या कापूसबाजारात बैलगाडी उभी करायला जागा मिळत नसे. कालपर्यंत ज्यांना आम्ही ओळखत होतो ते लोक आज ओळख देईनासे झाले होते. मी सरकारी मराठी शाळेत मास्तर. आमच्यापर्यंत त्या भरभराटीतलं काही पोचलं असेल तर ती धूळ. उकंडरावांचं घर माझ्या घराला लागून होतं, मध्ये फक्त एक कुडाची भिंत. पलीकडे कोणी कूस बदलली तरी अलीकडे कळायचं.

उंच, किडकिडीत अंगकाठी, कमरेला पानाची चंची आणि मिशीत कायम कापसाचे तंतू. वाटेत भेटले की विचारत, "काय मास्तर, बरं हाय ना?" आणि मी 'बरं आहे' म्हणेपर्यंत कोपरा वळून गेलेले असत. पुढे पुढे मी उत्तर द्यायचंच सोडून दिलं. त्यांनाही ते कधी चुकल्यासारखं वाटलं नाही.

दलालीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आमच्याकडे कापसाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल हातावर रुमाल टाकतो, त्याखाली विकणाऱ्याची बोटं दाबून त्याचा भाव घेतो, मग घेणाऱ्याची बोटं दाबून त्याचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा कोणाला कळत नाही. एकाच्या मनातलं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, यावर सगळा धंदा चालतो. उकंडराव म्हणत, "दोघंई एकमेकाशी बोलले का दलालाचं काम खलास." हे ते नुसतं म्हणत नसत, त्यांच्या हाडीमाशी ते भिनलेलं होतं. भाजीवालीकडून वांगी घेतानासुद्धा ते शेजारच्या भाजीवालीकडे पाठ करून, आवाज उतरवून बोलत.

घरात ते आणि गिरजावहिनी, दोघंच. मूलबाळ नव्हतं. वहिनी कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की नेमकं बोट ठेवणाऱ्या. पावसाळ्यात त्यांना हिवताप लागला तो दिवाळी आली तरी सुटेना. एक दिवसाआड हुडहुडी भरायची, पोटात पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून डाव्या बाजूला दगडासारखी लागायची, चेहरा हळदीसारखा पिवळा झालेला. उकंडरावांच्या धावपळीला एक नवं कारण मिळालं, आणि या वेळी त्या धावण्यात खरी भीती होती.

आधी वैद्यबुवा आले. महिनाभरात उतार पडला नाही, तेव्हा उकंडराव नव्या सरकारी दवाखान्यात जाऊन तिथल्या डाक्तराची बाटली घेऊन आले. तेवढ्यात कापसाच्या एका मुसलमान व्यापाऱ्याने हकीमसाहेबांचं नाव सांगितलं, मग त्यांचंही औषध आलं. मी म्हटलं, अहो, एकाला तरी सोडा. तर म्हणाले, "ज्याले सोडलं त्याचंच औषद लागू पडनार असलं तं?"

अडचण अशी होती की वैद्यबुवांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दवाखान्याची बाटली या घरात दिसली तर माझा पाय पुन्हा इथे लागणार नाही." डाक्तर पुण्याकडचे, त्यांनी सांगितलं होतं, "दुसऱ्या कोणाच्या मात्रा चालू असतील तर माझं औषध देऊ नका." हकीमसाहेब स्वतः काही बोलले नव्हते, पण त्यांचा मान फार मोठा. तेव्हा उकंडरावांनी जे त्यांना येत होतं तेच केलं. तिघांमध्ये रुमाल टाकला. वैद्यबुवांच्या पुड्या देवाच्या कोनाड्यात, डाक्तरांची बाटली आणि पुड्या धान्याच्या कणगीमागे, हकीमसाहेबांची सुरई चुलीजवळच्या फळीवर. वहिनींना ताकीद दिली, "एकाचं दुसऱ्यापाशी बोलाचं नाई. कोनी काई इचारलं तं मी सांगीन." वहिनींनी मान हलवली. भिंतीपलीकडून हे मीही ऐकलं, आणि वैद्यबुवा ओसरीवर भेटले तेव्हा मीही हवापाण्याच्या गप्पा मारल्या. शेजारधर्म म्हणून गप्प बसलो असं तेव्हा वाटलं. आज त्याची लाज वाटते.

मग सुरू झालं वेळेचं गणित. उजाडताच वैद्यबुवांची पांढरी पुडी; ती मनुकेत भरून दाताला न लावता गिळायची, आणि तिच्यावर दुपारपर्यंत मीठ नाही, आंबट नाही. कचेरीचा नऊचा टोल पडला की डाक्तरांच्या बाटलीतलं हिवतापावरचं कडूजहर कोयनेल. मशिदीत दुपारची अजान झाली की हकीमसाहेबांचं सरबत. त्यात सिरका, म्हणजे आंबट, तेव्हा ते सकाळच्या पुडीपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं बरं. तिसऱ्या प्रहरी पुन्हा कोयनेल. दिवेलागणीला डाक्तरांची पुडी, तीही पांढरीच, आणि तिच्यानंतर घटकाभराने वैद्यबुवांचा काढा. पथ्यं तर एकमेकांच्या छातीवर बसलेली. एकाने दूध सांगितलं, दुसऱ्याने दूध तोडलं, तिसऱ्याने फक्त बकरीचं चालेल म्हटलं. हे सगळं उकंडराव डोक्यात ठेवत. कागदावर लिहून देतो म्हटलं तर म्हणाले, "कागद कोनाच्याई हाती लागते."

बाजार आणि घर यांच्यामध्ये ते दिवसातून पाच-सहा खेपा घालत. तीही चाल नव्हे, अर्धवट धाव. एकदा मोठा सौदा चालला होता. रुमालाखाली एका गुजराती व्यापाऱ्याची बोटं उकंडरावांच्या हातात, भोवती सगळा बाजार श्वास रोखून उभा, आणि अजान झाली. उकंडरावांनी हात झटकन काढून घेतला आणि चालू लागले. व्यापाऱ्याला वाटलं, आपण दिलेला भाव अपमान वाटावा इतका कमी झाला. तो मागून धावत आला आणि वाटेतच त्यांचा हात धरून बोटं दाबून आणखी चढला. "अवो, सोडा मले, सरबत द्याचं हाय!" असं ते ओरडत होते, आणि लोक म्हणत होते, काय पक्का माणूस आहे! त्या दिवसापासून त्यांचा बाजारातला दरारा दुप्पट झाला. त्यांना मात्र दुःख एकच, की सरबताला उशीर झाला.

टोल ऐकू येणार नाही अशा ठिकाणी असले की ते आपली सावली पावलांनी मोजत. भर बाजारात हा उंच माणूस खाली बघत टाचेला अंगठा लावून चालतोय, आणि गाडीवाले हसताहेत, हे दृश्य मी कितीदा पाहिलं. एक दिवस आभाळ भरून आलं आणि सावलीच पडेना. तेव्हा ते थेट माझ्या शाळेत शिरले. वर्ग उठून उभा राहिला. भिंतीवर सरकारने दिलेलं घड्याळ होतं, आणि ते तीन दिवसांपासून बंद होतं. उकंडराव त्याच्याकडे बघतच राहिले, मग माझ्यावर उखडले. "मास्तर, तुमी या पोट्ट्याईले काय शिकवून राहिले? तुमाले सोताले चावी देता येत नाई!" पोरं पुढचा आठवडाभर तोंडावर हात ठेवून हसत होती. मी त्यानंतर रोज सकाळी पहिलं काम चावी देण्याचं केलं. उकंडराव रोज एकदा खिडकीतून डोकावून वेळ बघून जात, नमस्कारसुद्धा न करता.

मार्गशीर्ष लागला आणि वहिनींच्या तापाला थोडा उतार पडला, पण तोंडाला काहीतरी भलतंच झालं. हिरड्या सुजून दातांवर चढल्या. लाळ थांबेना, उशाला ठेवलेला कपडा तासातासाने बदलावा लागे. दात हलू लागले, घास जाईना, शब्द उमटेना. उकंडराव तिघांकडे वेगवेगळे धावले. वैद्यबुवा म्हणाले, "औषध अंगी लागलं, दोष बाहेर पडतो आहे." डाक्तर म्हणाले, "या पुडीने तोंड थोडं येतंच. चालू ठेवा." हकीमसाहेब म्हणाले, "गर्मी है, सरबत बढ़ाओ." तिघांनाही समाधान वाटलं, कारण तिघांनाही आपापलं एकच औषध माहीत होतं. उकंडरावांना तेवढं वाटेना. माझी बायको वहिनींपाशी बसायला जायची, तिने मला सांगितलं, की वहिनींना बोलता येत नाही म्हणून ते गोधडीखाली त्यांचा हात धरतात आणि बोटं दाबून विचारतात, किती वेळा लाळेचा कपडा बदलला, किती घोट पाणी गेलं. वहिनी बोटांनीच उत्तर देतात. सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

मग एका सकाळी ते माझ्या दारात उभे. हातात विड्याचं पान. "मास्तर, हे पाहा." पानावर लावलेला चुना काळा ठिक्कर पडला होता. झालं असं होतं, की वैद्यबुवांची पुडी मनुकेत भरताना त्यांच्या हातून चिमूटभर पूड सांडली, ती शेजारी उघड्या असलेल्या चुन्याच्या डबीत. बघता बघता चुना काळा पडला. दलालाची जात, माल पारखल्याशिवाय त्यांना चैन कुठलं? त्यांनी डाक्तरांची पुडी काढली आणि दुसऱ्या पानावरच्या चुन्यावर टाकून पाहिली. तोही तसाच काळा.

"एकच माल हाय, मास्तर," ते म्हणाले. "दोन दुकानातून घेऊन राहिलो मी. सकाळी एक आन् संध्याकाळी एक. आता काय करू?"

"तिघांना सांगा."

"सांगतलं तं तिघंई जातीन."

"आणि नाही सांगितलं तर वहिनी जातील," मी म्हटलं. इतकं कठोर मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. खरं तर ते मी दोन महिन्यांपूर्वी बोलायला हवं होतं.

त्यांनी ते दोन दिवसही लांबवलं नाही. त्या सकाळची पुडी दिलीच नाही, आणि त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी तिघांनाही बोलावलं. पण सवय कुठे जाते? प्रत्येकाला वेगळं, दुसऱ्याचं नाव न काढता. मला म्हणाले, तुमी ओसरीवर बसा, कोनी उठून गेलं तं आडवे व्हा. आधी वैद्यबुवा आले. मग डाक्तर आले आणि दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मला खांबाआड व्हावंसं वाटलं. हकीमसाहेब काठी टेकत आत आले तेव्हा वैद्यबुवांनी उपरणं झटकलं आणि उठले.

"हा काय पोरखेळ आहे, उकंडराव?"

मी आडवा झालो नाही. मला धीर झाला नाही. उकंडराव स्वतःच दारात उभे राहिले. "बुवा, मले शिव्या द्या, मारा, पन एक घडी बसा. माही बायको मरून राहिली हाय." मग त्यांनी घोंगडीवर सगळं मांडलं. कोनाड्यातलं, कणगीमागचं, फळीवरचं. ज्या माणसाने उभ्या जन्मात एकाचा भाव दुसऱ्याला सांगितला नव्हता, तो आता मोठ्याने, भर दुपारी, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात सांगत होता: उजाडताना हे, नऊला हे, अजानीला हे, दिवेलागणीला हे. सांगता सांगता घामाने डबडबले. शेवटी दोन पानं पुढे ठेवली, दोन्हींवर चुना लावला आणि दोन्ही पुड्या त्यावर सोडल्या.

दोन्ही पानं काळी होत गेली.

"रसकापूर. पाऱ्याचं औषध," वैद्यबुवा हळूच म्हणाले.

"माझ्यातही पाराच आहे," डाक्तर म्हणाले. मग ते एकदम चिडले. "मी विचारलं होतं तुम्हाला! दुसरं काही चालू आहे का, म्हणून विचारलं होतं!"

"इचारलं होतं जी. मी खोटं बोल्लो. बुवाशी बी खोटं बोल्लो. चुकी तुमची कोनाचीच नाई. मधात मी होतो."

वैद्यबुवा आणि डाक्तर एकमेकांशी बोलायला तयार नव्हते, तेव्हा हकीमसाहेबांनी सूत्रं घेतली. "लड़ना बाद में," ते म्हणाले, "पहले उस बच्ची का मुँह देखो." तिघंही आत गेले. बाहेर आले तेव्हा तिघांचेही चेहरे उतरलेले होते. त्या क्षणापासून दोन्ही पांढऱ्या पुड्या बंद झाल्या. सरबत बंद झालं, कारण सिरका त्या सोललेल्या तोंडाला आगीसारखा झोंबत होता. वैद्यबुवांनी बाभळीच्या सालीच्या काढ्याच्या गुळण्या सांगितल्या आणि डाक्तरांनी त्याला मान हलवली. तापासाठी फक्त कोयनेल ठेवलं आणि वैद्यबुवांनी त्याला, जरा जड मनाने का होईना, हरकत घेतली नाही. कोणीही घर सोडून गेलं नाही. ज्या भीतीपायी उकंडरावांनी एवढा घोळ घातला, ती भीती खोटी निघाली.

वहिनी वाचल्या. खाली-वर मिळून पुढचे पाच दात गेले, पण वाचल्या. संक्रांतीच्या सुमारास त्या भिंतीला टेकून बसू लागल्या आणि माझी बायको त्यांच्यासाठी पातळ खीर घेऊन गेली. मीही ओसरीवर होतो. उकंडराव नेहमीप्रमाणे उंबऱ्यापाशी येरझारा घालत आम्हाला ती चुन्याची गोष्ट दहाव्यांदा सांगत होते: पूड कशी सांडली, डबी कशी उघडी होती, आणि डबी उघडी नसती तर काय झालं असतं.

वहिनींनी वाटी खाली ठेवली. दात गेल्यामुळे बोलणं जरा बोबडं झालं होतं. "दोनी पुड्या एकच होत्या, हे मले पयल्याच हप्त्यात समजलं होतं," त्या म्हणाल्या.

उकंडराव थांबले. "कसं?"

"सकाळची पुडी गिळली का घडीभरानं तोंडाले तांब्याची चव ये. संध्याकाळचीनं बी तशीच ये. दुसऱ्या कोन्त्याच औषदानं येत नव्हती."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी म्हनलं होतं, एकाचं दुसऱ्यापाशी बोलाचं नाई. आन् तुमी मले कवा इचारलं? किती कपडे बदलले इचारलं, किती घोट गेले इचारलं. औषद तं मी खात होती ना? कसं लागून राहिलं, हे कोनीच इचारलं नाई."

त्या रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या आणि पुन्हा वाटी उचलली. उकंडराव उंबऱ्यात तसेच उभे. कचेरीचा टोल पडला, पण या माणसाने मान वर केली नाही. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि माझंही. सावल्या मोजल्या, टोल मोजले, बाजार उठवला, शाळेत शिरून मास्तराला शिव्या दिल्या. आणि ज्या तोंडात ही सगळी औषधं जात होती ते हातभर अंतरावर होतं.

त्यानंतर वर्षभरात अमेरिकेतली लढाई संपली आणि भाव असे कोसळले की ओळख न देणारे लोक पुन्हा ओळख देऊ लागले. बडनेऱ्याला आगगाडी आली. उकंडराव अकोल्याला गेले आणि तिथे लहानशी दलाली करू लागले. माझीही काही वर्षांनी अकोल्याला बदली झाली, आणि डोळ्यांचं दुखणं निघालं म्हणून मी तिथल्या दवाखान्यात गेलो. रांगेत माझ्यापुढे तीन-चार माणसं सोडून उकंडराव आणि गिरजावहिनी. मिशा पांढऱ्या, पण पाय तसेच चुळबुळणारे. मला त्यांनी पाहिलं नाही.

वहिनींना खोकला होता. नवा तरुण डाक्तर, त्याने रीतीप्रमाणे बाईकडे न पाहता नवऱ्याकडे पाहून विचारलं, "काय होतंय यांना? केव्हापासून?"

मला उकंडरावांचा चेहरा बाजूने दिसत होता. त्यांच्याजवळ सगळं तयार होतं; कोणत्या तिथीपासून, दिवसातून किती वेळा, कोणत्या टोलाला जास्त. ते ओठांवर आलेलं मी पाहिलं. त्यांनी ते गिळलं आणि एक पाऊल बाजूला सरकले.

"तिलेच इचारा जी," ते म्हणाले.

डाक्तर जरा गोंधळला. मग त्याने खुर्ची वळवली, आणि वहिनींनी पदर सावरून सांगायला सुरुवात केली.